लाल दोऱ्याचा चमचा

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आज आई जेवल्या. जेवल्या म्हणजे योगर्टचा एक छोटा कप संपवला, पण नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या पोटात काही गेलं आणि राहिलं.

हॉस्पिटलातली नर्स दुपारी ट्रे ठेवून गेली. टोस्ट, सफरचंदाचा रस आणि स्ट्रॉबेरी योगर्ट. मी नेहमीसारखा ट्रे बाजूला सारणार होते. घरून मुगाचं कढण आणलं होतं, ते सकाळीच त्यांनी ओठाला लावून परत केलं होतं. तेवढ्यात आई म्हणाल्या, "ते गुलाबी काय आहे गं?"

मी फॉइल काढून चमचा दिला. पहिला घास घ्यायच्या आधी त्यांनी डोळे मिटून कप कपाळापर्यंत नेला. बाळकृष्णाला नैवेद्य. देव शेजारच्या डब्लिन उपनगरात घरी आणि आपण इथे ओहायोतल्या कोलंबसच्या हॉस्पिटलात, तरीही. मग सगळा कप खाल्ला आणि शेवटी कड चमच्यानं खरवडली. यतीन खिडकीशी उभा होता. आईचा खरवडण्याचा आवाज ऐकून त्यानं तोंड बाहेर फिरवलं.

रिकामा कप टाकताना मी सवयीनं मागचं वाचलं. दूध, साखर, स्ट्रॉबेरी, पेक्टिन. जिलेटिन नाही. शेवटचा शब्द, कार्माइन.

मी कप टाकला आणि हात धुतले.

२६ ऑक्टोबर, रविवार

आईंना घरी आणलं. पोटातली गाठ काढता येणार नाही आणि केमो नको, हे आईंनीच डॉक्टरांना सांगितलं, मराठीत, मी इंग्रजी केलं. आता हॉस्पिसची नर्स कॅथी मंगळवारी आणि शुक्रवारी येईल. खात राहिल्या तर दोन-तीन महिने, नाहीतर आठवडे.

आईंनी एकच विचारलं, "निधी कधी येईल?" निधी माझी नणंद, मिरजेला असते. तिच्याकडे व्हिसा नाही. मुलाखतीसाठी सगळ्यात जवळची तारीख मे महिन्यातली दिसते. तातडीचा अर्ज करायचा म्हणून यतीन दिवसभर लॅपटॉपसमोर आहे.

म्हणजे आईंनी खायला हवं. आणि त्या फक्त ते गुलाबी योगर्ट खातात.

कार्माइन म्हणजे काय हे या घरात मला एकटीला ठाऊक आहे, कारण तोच माझा व्यवसाय. अकरा वर्षं मी खाण्याच्या रंगांच्या लॅबमध्ये काम करते. पेरू देशात निवडुंगाच्या पानांवर पांढऱ्या कापसासारखे किडे वाढतात. मुंग्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून ते अंगात लाल आम्ल बनवतात. माद्या गोळा करून वाळवायच्या, पाण्यात उकळायच्या, त्यात ॲल्युमिनियमचा क्षार घातला की लाल गाळ खाली बसतो. एका पौंडाला सत्तर हजार किडे लागतात असं आम्ही नव्या लोकांना सांगतो आणि त्यांचे चेहरे बघतो.

आईंनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. इथे आल्यापासून केक कापायच्या आधी विचारतात. चातुर्मासात कांदासुद्धा नाही. मराठी मंडळातल्या बायका दुकानातून मला फोटो पाठवतात, प्रीता, ह्यात काय आहे गं, चालेल का. मी सांगते. पंधरा वर्षं सगळ्यांचं वाचून सांगतेय.

आज बारा कप आणले. फॉइल स्वयंपाकघरातच काढते आणि स्टीलच्या वाटीत ओतून देते. कप थेट मोठ्या डब्यात टाकते, खाली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सहा वेगवेगळ्या कंपन्यांचं योगर्ट आणलं. बीटचा रंग, काळ्या गाजराचा रंग, बिनरंगाचं, सगळं. ओळीनं वाट्या लावल्या. आईंनी प्रत्येकातला एक चमचा घेतला आणि वाटी सरकवली. एक आंबट, एक खडबडीत, एकाला मातीचा वास. बीटला असतोच तो वास, लॅबमध्ये आम्ही त्याच्याशीच भांडत असतो. घरी विरजलेलं दही तर घशात जळतं म्हणाल्या.

"ते हॉस्पिटलातलं होतं ना, ते दे."

लॅबमध्येही सध्या लालच चालू आहे. पेट्रोलियमचे रंग काढायचे म्हणून सगळ्या कंपन्या घाईत आहेत. आमच्या एका गिऱ्हाइकाला चेरी कँडीचं आवरण नैसर्गिक रंगात हवं आहे, पण दिसायला रेड फॉर्टी या पेट्रोलियमच्या लाल रंगासारखंच. रेड फॉर्टीच्या रेणूत दोन नायट्रोजन एकमेकांना धरून उभे असतात, त्या जोडणीमुळे तो लाल दिसतो, आणि ती सहजी सुटत नाही. बीटमधला लाल तसा नाही. ऊन लागलं की गेला. आज चार नमुने लाइट बॉक्समध्ये, उन्हासारख्या प्रखर दिव्याखाली ठेवले. बीट, लाल मुळा, काळं गाजर, कार्माइन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

यतीनला सांगितलं. दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीतच. घरात बोलायला धीर झाला नाही.

त्यानं गाडी बंद केली. मग म्हणाला, "मला कशाला सांगितलंस?"

मी म्हटलं, तुझी आई आहे म्हणून.

"आता मलाही तिच्याशी खोटं बोलावं लागणार यार."

मग तोच म्हणाला की निधी येईपर्यंत. निधी आली की तू सांग, नाहीतर मी सांगतो. मग उतरला, ट्रॉली घेऊन आत गेला आणि शेल्फवर होते नव्हते तेवढे सगळे कप घेऊन आला. एकोणीस होते.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन पौंड वजन वाढलं. परवा कॅथी म्हणाली, मिस मीना, तुम्ही आम्हाला चकवणार बहुतेक. आईंनी मला विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं. आई हसल्या. म्हणाल्या, "तिला सांग, माझी सूनच तशी आहे. पोटात काय जाईल हे तिला बरोबर कळतं."

मी ते भाषांतर केलं नाही. कॅथीला म्हटलं, थँक्यू म्हणतायत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लॅबमधून यायला उशीर झाला. सावनी शाळेतून येऊन आजीजवळ बसली होती. मी आले तर आईंच्या उशाशी टेबलावर रिकामा कप. वाटी नाही, कपच. सावनीनं फ्रिजमधून काढून तसाच दिला होता. तिला मी वाटीचं कधी सांगितलंच नव्हतं.

मी झटकन कप उचलून आत आले आणि सावनीला विचारलं, आजी काही बोलली का? ती फोनमध्येच बघत होती. "शी एट इट, मॉम. शी वॉज फाइन." आई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांना लहान अक्षरं दिसत नाहीत, चष्मा ड्रॉवरमध्ये होता. आणि दिसली तरी हा शब्द त्यांना काय सांगणार.

वाचले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एकादशी. मागच्या एकादशीला त्यांनी हेच फराळाला खाल्लं होतं, दुधाचंच तर आहे म्हणून. आज वाटी बघून मान हलवली. "आज ते नको. नुसतं पाणी." कितीदा समजावलं की आजाऱ्याला उपास नसतो. ऐकलं नाही. संध्याकाळी हात थंडगार पडले होते.

मला वाटतं त्यांनी मनातून सोडायला सुरुवात केली आहे. यतीनला हे बोलले नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवा बारशीला सकाळी मागून खाल्लं. जीव भांड्यात पडला. पण आज एक विचित्र प्रकार. आईंनी देवाच्या डब्यातला लाल दोरा मागितला आणि एका चमच्याच्या दांड्याला बांधायला घेतला. गाठ बसेना, मी मदत केली.

"हा माझा. ह्याच्यानंच देत जा. आणि वाटीही एकच ठेव. तुमच्या भांड्यांत मिसळू नकोस."

कॅथीला विचारलं. ती म्हणाली, पुष्कळ पेशंटना वाटतं आपला आजार घरच्यांना लागेल, तुम्ही त्यांना नीट सांगा. मी आईंजवळ बसून सांगितलं, हा आजार असा पसरत नाही, उष्ट्यानं काही होत नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला ठाऊक आहे गं. तरी राहू दे वेगळा."

इतकी वर्षं या बाईनं आम्हाला वाढलं. आता स्वतःचं उष्टं वेगळं काढते. चमचा धुताना रडू आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नैवेद्य दाखवणं त्यांनी बंद केलं आहे. आठवडा होऊन गेला असेल, माझ्या आज लक्षात आलं. वाटी हातात देते, त्या सरळ चमचा तोंडात घालतात. पूर्वी पाण्याचा घोटसुद्धा त्याला दाखवल्याशिवाय घेत नव्हत्या. काल तर म्हणाल्या, बाळकृष्णाला या खोलीतून हलव, सावनीच्या खोलीत ठेव, ती रोज साखर दाखवेल. पंधरा वर्षांची पोर, जिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पण तिनं मुकाट्यानं टेबल आवरलं आणि देव ठेवला. मला आश्चर्य वाटलं. एरवी एक ग्लास उचल म्हटलं तर वाद घालते.

दुखणं माणसाला देवापासूनही तोडतं का? मी यतीनला विचारलं. तो म्हणाला, रागावली असेल त्याच्यावर. मी असतो तर मीही रागावलो असतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. दुपारी मंजुषाकाकू आल्या, आईंच्या इथल्या सगळ्यात जुन्या मैत्रीण. निवृत्त डॉक्टर आहेत, पण आजाराचं काही बोलल्या नाहीत. मंडळातल्या कोणाची सून कशी वागते, यावर दोघींचं तासभर चाललं. मग मी वाटी घेऊन आले तेव्हा काकूंनी विचारलं, हे काय खातेस गं?

"ती देते ते," आई म्हणाल्या.

काकू म्हणाल्या, "हिच्या जिवावर तर आम्ही सगळ्या सोवळ्या राहिलोय इथे. नाहीतर कधीच बाटलो असतो."

दोघी हसल्या. मी चमचा पुसत राहिले. आई म्हणाल्या, "तिनं वाचलं म्हणजे झालं. मी विचारतही नाही."

माझ्याकडे बघून म्हणाल्या असत्या तर मी तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

२ डिसेंबर, मंगळवार

काल परत एकादशी, परत नुसतं पाणी. आता मी वाद घालत नाही.

लाइट बॉक्स उघडला. बीट पार उडालं, जुन्या कागदासारखं झालं. मुळा केशरी. गाजर जांभळट राखाडी. कार्माइन पहिल्या दिवशी होतं तसंच. ग्रेग, माझा बॉस, म्हणाला, झालं तर मग, किडा जिंकला. गिऱ्हाइकाला तसं कळवलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. ते नको. लेबल वाचून आया काय म्हणतील?

मी ती ओळ दोनदा वाचली.

९ डिसेंबर, मंगळवार

निधीला तातडीची तारीख मिळाली. ५ जानेवारी, मुंबई. यतीन खुर्चीतून उठून नुसता घरभर फिरत होता.

आईंना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. किती दिवस, पासपोर्ट परत यायला किती, विमानाला किती. मग म्हणाल्या, "दुपारी पण एक देत जा. दोन झाले दिवसाचे."

खातात, पण आता ती गोडी नाही. पूर्वी कड खरवडायच्या. आता डोळे मिटतात, चमचा तोंडात घेतात आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात, गोळी गिळावी तशा. चव गेली असेल. कॅथी म्हणते, या टप्प्याला जाते.

१३ डिसेंबर, शनिवार

आज मी तेच योगर्ट घरी केलं. खरं तर महिनाभर करते आहे, लॅबमधला वेळ चोरून. दूध, पेक्टिन, साखरेचं प्रमाण, आंबटपणा मोजून आणला. रंगासाठी थोडं बीट, किंचित काळं गाजर, बीटचा वास काढून टाकलेला. रंगमापक यंत्रावर दोन्ही नमुने ठेवले तर डोळ्यांना फरक कळणार नाही इतके जवळ आले. तीच वाटी, तोच दोऱ्याचा चमचा. काही न बोलता आईंना दिलं.

त्यांनी वाटीकडे बघितलं. "आज फॉइल फाडल्याचा आवाज आला नाही."

मी म्हटलं, घरी केलंय.

"कोणी? तू?" मग, "पूर्ण घरी? रंगसुद्धा?"

"बीटचा आहे."

त्यांनी सावनीला हाक मारली. बाळकृष्ण आणायला सांगितला. सावनी त्याला दोन्ही हातांत धरून घेऊन आली. आईंनी दुसरा चमचा मागितला, साधा, आणि किती दिवसांनी वाटी कपाळाशी नेऊन नैवेद्य दाखवला. मला इतका आनंद झाला. वाटलं, राग निवळला. त्या अर्धी वाटी हळूहळू, चव घेत जेवल्या. "चांगलं झालंय," म्हणाल्या.

वीस मिनिटांनी सगळं उलटून पडलं. रक्तही आलं थोडं. कॅथी येऊन गेली. कुठलाही नवा पदार्थ आता पोट धरणार नाही, प्रयोग नकोत म्हणाली.

संध्याकाळी आई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. आण तो फॉइलवाला." आणि सावनीला म्हणाल्या, "देवाला आत ठेवून ये."

२० डिसेंबर, शनिवार

आज ठरवलं होतं. यतीन आणि सावनी बाहेर गेले होते. बर्फ पडत होतं. मी आईंचे पाय चेपत होते आणि म्हटलं, आई, मला तुम्हाला एक सांगायचंय.

त्या लगेच म्हणाल्या, "निधी आली की सांग."

"तिचा संबंध नाही. ते माझं..."

"निधी आली की सांग म्हटलं ना. आत्ता मला भूक लागली आहे."

भूक लागली आहे, असं त्या महिन्याभरात म्हणाल्या नव्हत्या. मी उठले, फॉइल फाडलं, ओतलं, दिलं. त्यांनी डोळे मिटून गिळलं. मी भित्री आहे, आणि मला अडवलं म्हणून आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं, हेही इथे लिहून ठेवते.

५ जानेवारी २०२६, सोमवार

मिळाला. निधीनं मुंबईहून फोन केला तेव्हा रडण्यानं तिला बोलता येत नव्हतं. आई आता हाडांचा सापळा झाल्या आहेत, पण फोन कानाशी धरून म्हणाल्या, "ये निवांत. मी आहे."

१२ जानेवारी, सोमवार

निधी आली. दारातून बूट न काढता सरळ आईंच्या खोलीत गेली. मी आणि यतीन बाहेर थांबलो.

दुपारी तिनंच आईंना भरवलं. मी तिला चमचा दाखवला, हा दोऱ्याचा, हाच वापर. वाटी संपली. निधी म्हणाली, "वहिनी, किती आवडतं गं तिला हे." आई लेकीकडे बघत होत्या, खाताना त्यांचे डोळे आज उघडे होते.

१३ जानेवारी, मंगळवार

तीन वेळा खाल्लं. दिवसभर गप्पा. मिरजेचं घर, शेजारचे, शाळेतल्या बाई, कोण गेलं, कोण राहिलं. आईंचा आवाज पार बसला आहे, तरी निधीला हसवत होत्या. संध्याकाळी आईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, उद्या संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी आल्यात ना. मला सकाळी न्हाऊ घाल. डोक्यावरून.

१४ जानेवारी, बुधवार

मी आणि निधीनं मिळून न्हाऊ घातलं. अंग इतकं हलकं की एकीनंच उचललं असतं. त्यांनी धुतलेली साडी मागितली. नवी उशी, नवी चादर. मग सावनीला म्हणाल्या, त्याला आण परत. बाळकृष्ण उशाशी आला.

मी वाटी आणली नाही, एकादशी म्हणून. निधीनं आणलेल्या तिळगुळाचा एक दाणा त्यांनी देवाला दाखवून जिभेवर ठेवला.

"आई, निधी आली," मी म्हटलं. "आता सांगू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "राहू दे आता. झालं ते."

१५ जानेवारी, गुरुवार

बारस. वाटी दिली, नको म्हणाल्या. निधीनं दिली, नको. "आता पुरे." यतीननं मिनत्या केल्या. त्यांनी तुळशीचं पान घातलेलं पाणी मागितलं, तेवढंच. कॅथी फोनवर म्हणाली, शरीर स्वतःच सांगतं, जबरदस्ती करू नका.

मला सांगायचं राहिलं आहे. आता सांगितलं तर कोणासाठी सांगितलं?

१८ जानेवारी, रविवार

सकाळी सव्वासहाला आई गेल्या. निधीच्या मांडीवर डोकं होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज तेरावं. गुरुजी सिनसिनॅटीहून आले. पान वाढायचं होतं, आईंच्या आवडीचं सगळं. मी पहाटेपासून रांधत होते. वरणभात, भरली वांगी, पुरण, दहीभात. निधी फ्रिज उघडून म्हणाली, "वहिनी, ते गुलाबी योगर्ट चार कप शिल्लक आहेत. तेच वाढू या ना आधी. शेवटी तेच तर गोड लागत होतं तिला."

तिनं एक काढूनही घेतला. फॉइलचं टोक धरलं. मी म्हटलं, थांब. ती थांबली. गुरुजी, यतीन, मंजुषाकाकू बाहेर पानाची वाट बघत होते. आईंच्या पानावर ते वाढायचं, देवाच्या नावानं पाणी सोडून? आणि नको म्हणायचं तर का म्हणून?

सावनी दारात उभी होती. तिनं आत्याच्या हातातला कप बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि मला ओढून मागच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"मॉम. शी न्यू."

मला कळलंच नाही.

"आजीला माहीत होतं. ॲबाउट द बग्स. मीच सांगितलं. नोव्हेंबरमध्ये, तू लेट आली होतीस तेव्हा. ती म्हणाली, रोज वाटीत येतं, आज कपात आलंय, वाच बघू ह्यावर काय लिहिलंय. मी वाचलं. ती म्हणाली, हे शेवटचं काय? मी लुक अप केलं. मला वाटलं तुला माहीत नसेल. मग आठवलं, तू काय काम करतेस."

आणि आजी?

"तिनं फोटो बघितले. मग म्हणाली, माझं सोवळं पण रेशमाचंच आहे, त्यात पण किडेच गेले, मी कधी विचारलं नाही." सावनी रडायला लागली. "मी म्हटलं, फेकून देऊ का? ती म्हणाली, नको. निधी येईपर्यंत खाते. मी देवाला तसं सांगते. तो थोडे दिवस तुझ्या खोलीत राहील. निधी आली की सोडते. आणि म्हणाली, तुझ्या आईला सांगू नकोस. तिला वाटेल तिनं मला बाटवलं. तिनं मला जगवलंय."

मी पलंगावर बसले. पुरणाचा वास दाराखालून येत होता. सावनी माझ्या केसांवरून हात फिरवत होती, जसा तिची आजी फिरवायची, उलट्या बाजूनं.

निधीनं दार वाजवलं. "वहिनी, गुरुजी बोलावतायत. हे वाढायचं ना?"

मी दार उघडलं. कप तिच्या हातात होता, फॉइल अजून फाडलं नव्हतं.

"ते नको," मी म्हटलं. "ते आईंनी सोडलं होतं."

निधीला वाटलं, शेवटचे चार दिवस खाल्लं नाही, त्याबद्दल म्हणते आहे. तिनं मान हलवली आणि कप परत ठेवला. पानावर मी दहीभात वाढला, वर तुळशीचं पान.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज जुनी पानं चाळली. चमचा, नैवेद्य, एकादश्या, देव हलवला ते. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

निधी सकाळच्या विमानानं गेली. जाण्याआधी तिनं मला मदत म्हणून सगळी भांडी डिशवॉशरमध्ये लावली होती, सगळी एकत्र. मी आत्ता उघडला. दोऱ्याचा चमचा इतर चमच्यांमध्येच उभा होता. दोऱ्याचा रंग कच्चा होता, बाजारातले असे दोरे स्वस्त रंगात नुसते बुडवून काढतात, रंग धाग्याला धरत नाही. गरम पाण्यात सगळा उतरला. दोरा पांढरा झालाय.

गाठ मी सोडली नाही. चमचा ड्रॉवरमध्ये ठेवला, सगळ्यांबरोबर.